पाणसळ

चौथा दिवस. उद्यमनगरातल्या शेडमध्ये
नव्या लेथच्या बेडवर पाणसळ ठेवून
मी वाकलो आहे.
बुडबुडा मधोमध उभा आहे, गप्प,
आणि मी हलतो आहे.

पोरगं विचारतंय, "मिस्त्री, पाचर मारू का?"
थांब म्हणतो. मशीन बरोबर आहे.
पाचर मारायची तर मला मारावी लागेल,
डाव्या टाचेखाली, कागदाइतकी.

आबा खवणेकराच्या सुकाण्याला
दोन बिजागऱ्या ओतून दिल्या होत्या ब्राँझच्या.
पैशांचं नाव काढलं की म्हणायचा,
देवगडात या, शिडावर मालवणापर्यंत नेतो,
वहिनींना घेऊन.
मी हसलो होतो. हिला घेऊन?
करूळच्या घाटात जिनं एक वळण
कोरडं सोडलं नाही,
गगनबावड्याचा चहावाला जिला
लांबूनच तांब्या दाखवतो, हिला?

हेमलताच्या पर्समध्ये कायम दोन लिंबं,
आलेपाक, जाड कागदाच्या पिशव्या घडी घालून,
आणि डबीत लवंगा, कुणाला न दाखवता.
मी तीस वर्षं शेजारी बसून
शेंगा खात आलो.

कुणकेश्वराचं देऊळ डाव्या अंगाला
बोटाएवढं दिसत होतं
तेव्हा पहिल्यांदा जिभेखाली पाणी सुटलं.
वाटलं, सकाळची घावनं असतील.
मग वारा फिरला. शीड फाडकन भरलं,
होडी एका कुशीवर गेली
आणि तिथंच राहिली, चढत, उतरत, चढत.
रंकाळा आडवा पोहून गेलेला मी,
तालमीत घाम गाळलेला मी,
होडीच्या काठावर ओल्या टॉवेलासारखा
वाळत पडलो.

"पोटात काय नाय," आबा मागून म्हणाला,
"कानात असता सगळा."

तेव्हा ही उठली.
एका हातानं दोर धरून, पदर खोचून,
दुसरा हात माझ्या मानेवर, गार.
"खाली बघू नका. तिकडं लांब बघा, त्या रेघेकडं.
डोळे मिटू नका, मिटले की जास्त होतं.
होडी झुकली की तुम्हीबी झुका, भांडताय कशाला?
येतंय तर येऊ द्या.
लाजू नका."

लाजू नका हे तिनं इतकं हळू म्हटलं
की कळलं, तिला हे कधी कुणी म्हटलं नव्हतं.
मी तर नाहीच.
मी म्हणायचो, "झालं का तुझं सुरू?"
आणि बस हसायची.
त्या हसण्यात माझ्या आवाजाचा हसू
मला समुद्रात ऐकू आला.

"तुला नाही होत?" मी विचारलं,
दोन वेळा काठावरून वाकून झाल्यावर.
"होतंय की. बंदर सुटल्यापास्नं होतंय."
तिनं लिंबाची फोड गालात सरकवली.
"पण मला वाट ठाऊक आहे."

आचऱ्याच्या पुढं ती सुकाण्यावर बसली होती.
आबा बिडी ओढत होता.
माझ्या बिजागऱ्या कुरकुरत नव्हत्या,
एवढंच मला त्या दिवशी जमलेलं.

येताना एसटीत, सातव्या की आठव्या वळणावर
तिनं हात पुढं केला
आणि पिशवी आधीच उघडून धरली होती मी.
पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघू लागला.
त्याला म्हटलं, पाव्हणं, पुढं बघा, रेघेकडं.
त्याला काय कळलं कुणास ठाऊक.
घाटात रेघ कुठली? धुकं होतं नुसतं.

आता फोन लावलाय. "अजून हलतंय गं."
"मलाबी," ती म्हणते. "परात धरून बसलीय.
भाकरी एकदा तव्याच्या बाहेर पडली.
येताना लिंबं आणा, संपलीत."

पोरगं पाचर घेऊन
अजून उभंच आहे.