कंसातलं

तापकीर गल्लीत दुपारी तीनला
चेतन ओसवालच्या काउंटरवर तीन हेडफोन:
आठशे, अकराशे, साडेतेराशे.
"काकू, बास बघा नुसता," म्हणत तो
ढोल-ताशाचा एक तुकडा लावतो.
बास मला नकोच आहे रे.
मी मिनिटाला अकरा रुपयांनी
दुसऱ्यांचं बोलणं टाइप करते.

"माझंच लावते," म्हणाले, आणि फोनमधून
सतरा नंबरची फाइल काढली.
बशीर शिकलगार, वय एकाहत्तर, प्रेस शॉप, चिंचवड.
प्रश्न विचारणारी तितिक्षा, पीएच.डी.वाली,
दर वाक्याआधी घसा खाकरते.
बावीस मिनिटं दहा सेकंदांपाशी
माझ्या कागदावर आठवडाभर एक कंस आहे,
आणि कंसात 'अस्पष्ट'.

आठशेवाल्यात शिकलगारांना एकदम सर्दी झाली.
आवाज रांजणातून,
आणि छताचा पंखा असा घुमतोय
की सभेचा अध्यक्ष तोच.
गादी मऊ, पण वाटी लहान;
पाळी घडी घालून आत कोंबावी लागते,
कुडीचं मळसूत्र कानामागे रुततं.

अकराशेवाल्यात 'स' आणि 'श' म्हणजे दाभण.
साहेब. शिफ्ट. सस्पेन्शन.
या माणसाच्या आयुष्यात नेमके हेच शब्द जास्त.
पकड अशी की चष्म्याची काडी
कानशिलात जाऊन बसली.
"वापरून सैल होतो," चेतन म्हणाला.
लग्नातल्या चपलांबद्दल मला असंच सांगितलं होतं.

साडेतेराशेवाला दिसायला अगदीच सरकारी.
खोक्यावर कुणी हसणारी मुलगीसुद्धा नाही.
लावला, तर बाहेर टेम्पो मागे येत होता,
त्याची पिपाणी अर्धी आत आली.
मनातल्या मनात दोन मार्क कापले.
मग बावीस दहा.

"त्या डाव्या कानानं आता काहीच ऐकू येत नाही का?"
कपात चमचा.
चमचा थांबला.
शिकलगार श्वास घेतात,
आणि त्यांच्या मागे, चार-पाच हात लांब,
जिथे मी आठवडाभर पंखा समजत होते,
तिथे एक बाई:
"येतंय की ऐकू त्यांना. माझंच येत नाही."

ओरडून नाही.
जिला तीस वर्षं घरात ओरडूनच बोलावं लागलं असणार
तिचं एवढं एकच वाक्य हळू.
मी मागे नेलं. पुन्हा नेलं.
"काकू, बंद पडला का?"
"नाही. तेराशेला दे."
"फिक्स रेट आहे, काकू."
"तेराशे वीस. आणि पिशवी नको."

दांडेकर पुलापलीकडे, घरी, रात्री अकराला
कंस खोडला आणि तिथेच अडले.
बाईंचं नाव फाइलमध्ये कुठेच नाही.
बोलणाऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं?
'पत्नी' लिहिलं, खोडलं.
'आतून' लिहिलं.
तितिक्षाला निरोप धाडला: नाव विचारून कळव.

बाकी हेडफोनचं म्हणाल तर
चाळीस मिनिटांनी कान तापतात.
रेक्झिनच आहे शेवटी, तासाभरात पाझर फुटतो.
जुन्या सुती परकराच्या दोन टोप्या शिवून
गाद्यांवर चढवल्या;
आवाज किंचित मंदावला,
खरं सांगायचं तर बराच झाला.
वरची पट्टी अंबाड्याला अडते,
म्हणून कामाच्या वेळी आता वेणी.
सूनबाई हसल्या. हसू देत.

सात दिवसांत परत घेतो म्हणाला आहे.
बिल तूरडाळीच्या डब्याखाली.
आज सहावा दिवस,
तितिक्षाचं उत्तर नाही,
रकान्यात अजून 'आतून'च आहे.