डावी कड

रंग पंधराच मिळत. सोळावा पारदर्शक,
पगारपत्रकावरच्या मालकाच्या मेव्हण्यासारखा:
मोजायचा, कामाला लावायचा नाही.
त्या पंधरांत मी शत्रू काढायचे,
साकाईला, सायकलच्या सुट्या भागांच्या गोदामावर,
अकरा माणसं आणि एक पंखा.

खेळ साधा. एक माणूस, एक बंदूक, उजवीकडे पळत सुटायचं,
आडवा येईल त्याला उडवायचं.
का, ते सुरुवातीला दोन ओळींत लिहिलेलं असे.
कुणी वाचत नसे.

माझ्याकडे मरणं होती.
जळण्याचं बारा चौकटींचं, पाण्यातलं सहा, गोळीचं आठ.
चिपमध्ये जागा उरेना, तेव्हा निशिओका-सान म्हणाले,
कुराहाशी, गोळीचं पाचात बसव.
मी मधल्या तीन काढल्या,
ज्यांत तो स्वतःच्या हाताकडे बघतो.
आता झकास पडतो, म्हणाले सगळे.

चित्र एकच, तेच उलटून वापरायचं.
म्हणून आमचा प्रत्येक सैनिक वळला की डावरा होई,
आणि गालावरचा व्रण
या गालावरून त्या गालावर जाई.

तिसऱ्या टप्प्यात, पुलाच्या अलीकडे, एक झोपलेला ठेवला.
तोंड उघडं, एक बूट काढून उशाशी.
तो इसोगाई होता.
पहाटे तीनला टेबलाखाली पुठ्ठ्यावर असाच पडलेला असायचा,
चार चौकटींत मी त्याचा श्वास धरला होता.
त्याने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.
"नाडी," म्हणाला. "माझी तपकिरी आहे."
रंग संपले होते. चिखलातून एक तपकिरी उसनी आणली.

चाचणीला स्टेशनजवळच्या गेम सेंटरात जायचं,
वही घेऊन खेळणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहायचं,
आपण कोण ते न सांगता.
शंभर येन तीन मिनिटांवर टिकले तर धंदा बसला.

एक पोरगा आला. रबरी बूट, बर्फाने सुजलेली बोटं,
मासळीच्या दुकानातला असावा.
चाळीसेक मारत आला, आणि झोपलेल्यापाशी थांबला.
घड्याळ उतरत होतं.
मग उडी मारून त्याला ओलांडून गेला,
दारात निजलेलं कुत्रं ओलांडावं तसा.
मी वहीत लिहिलं: वाचला.

रात्री इसोगाईला सांगितलं. तो नूडल्स खात होता.
"कुठला वाचतोय," म्हणाला.
"डाव्या कडेबाहेर गेलं की मी पुसून टाकतो.
पडदा मागे येत नाही, मग ठेवून करायचं काय?
मेलेला काय आणि मागे राहिलेला काय, मेमरीला दोन्ही सारखेच.
उलट मागे राहिलेला स्वस्त. चौकटी लागत नाहीत."
आणि वाडगा तोंडाला लावून सूप प्यायला.

वरून निरोप आला: खेळाडू थांबतो आहे. उठवा त्याला, हातबॉम्ब द्या.
दिला.
पण आधी तो जांभई देतो.
त्या दोन चौकटी मी स्फोटाच्या धुरातून चोरल्या.

पुढे कंपनी बुडाली. ज्याने त्याने आपापला खोका उचलला.
इसोगाई वाकायामाला गेला म्हणतात, काकांच्या संत्र्यांत.
कुणी म्हणतं फुकुओकाला, लिफ्टच्या कारखान्यात.
पत्ता मी विचारला नव्हता.
घाईत होतो सगळेच.

परवा सार्वजनिक स्नानगृहात, टॉवेलांच्या कपाटाशेजारी
ते मशीन दिसलं. अजून चालू.
केस ओलेच होते. नाणं टाकलं.
हात आता थरथरतात, पुलापर्यंत दोन जीव गेले.
तो उठला. जांभई. तपकिरी नाडी.
मी बटणावरून बोट काढलं.

हातबॉम्ब सावकाश आला, मीच काढलेल्या कमानीतून.
पुढे खेळायचं का, पडदा विचारू लागला. दहा, नऊ,
आठाला माझं लक्ष त्याच्या बिनबुटाच्या पायाकडे गेलं.
मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं,
एकाच ठिपक्याचं, कातडीच्या रंगाचं.

हे मी कधी काढलं होतं?