पाच किलोच्या खालचं

सेलूच्या जिनिंगमधला माझा काटा
पन्नास टनांपर्यंत मोजतो.
कमीत कमी, पाच किलो.
त्याखालचं काही त्याला दिसत नाही.

म्हणून ती चार पिल्लं
पोत्यात गुंडाळून प्लेटवर ठेवली
(का ठेवली कोण जाणे, हाताची सवय)
तेव्हा लाल आकडे हलले नाहीत.

आई रात्रीच गेलेली, मागं सरकणाऱ्या ट्रकखाली.
मुंजाजीनं तिला सरकीच्या ढिगापलीकडं पुरलं,
हात धुऊन आला, म्हणाला,
"डोळे बी उघडले नाईत. काय करायलाव आता?"

मला काय माहीत.
दोन लेकींचा बाप मी,
पण त्यांच्या दुधाच्या वेळा
कधी माझ्याकडं नव्हत्या.

टपरीवरचं गाईचं दूध पाजलं.
सकाळपर्यंत चौघांची पोटं बिघडली.
फाटकावरून शेळ्या घेऊन जाणारी हमीदाबी
थांबली, वाकली, आणि मला बोलली:
"उताणं कामून धरलं? माणसाचं लेकरू हाय का ते?
पालथं धर. मान जराशी वर. थेंब थेंब.
पाजलं की ओल्या कापसानं खालून पुसायचं,
माय चाटती तसं.
नाईतर मुतायची नाईत, फुगून मरतील."

कापूस.
चहूकडं कापूसच तर होता.
ओलावा जास्त भरला की आम्ही ज्याचा भाव पाडतो
तोच कोमट पाण्यात बुडवून, पिळून
चार ढुंगणं पुसली.

मग शेळीचं दूध, मनगटावर थेंब टाकून पाहिलेलं.
सुई काढलेली सिरिंज.
सलाईनच्या बाटलीत गरम पाणी, वर माझा पायमोजा.
नऊ, बारा, तीन, सहा.
डिसेंबरातले तीन वाजलेले मला माहीत नव्हते असे:
पत्र्यावरून दव ठिबकतंय,
स्टोव्हची पिन सापडत नाही,
आणि तळहातावर एक पोट, दुधानं टणक,
माझ्या नाडीवर आपली नाडी ठेवून झोपलेलं.

वजन तर करायलाच हवं, काटेवाला आहे मी.
डब्याच्या पिशवीतून डहाळे सराफाकडं नेली.
त्यानं मखमल काढून घेतली आधी, मग तराजू दिला.
दोनशे दहा. दोनशे चाळीस. दोनशे पाच.
एकशे साठ.
वजनचिठ्ठीच्या पाठीवर चार रकाने आखले.
चौथा रकाना नऊ तारखेला थांबला.
तिथं मी शून्य लिहिलं नाही.
नुसती रेघ मारली.

उरलेल्या तिघांचे डोळे उघडले, धुरकट निळे.
मग दात. बोटाला टोचले तेव्हा कळलं.
ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा काढून टाकला,
मऊ भाग दुधात कुस्करला, ताटलीत ओतला.
पहिलं चारी पायांनी ताटलीत उतरलं,
नाकात दूध गेलं, शिंकलं.
दुसऱ्यानं त्याचे पाय चाटले.
तिसरी, काळी, ताटलीकडं बघेना.
तिला सिरिंज हवी, नाहीतर माझी करंगळी.
आठ दिवस तसंच.
नवव्या रात्री सिरिंज भरून बसलो
तर तिनं तोंड फिरवलं, आणि पाठमोरी
ताटली खडखडवत चाटत राहिली.

हातातलं दूध निवून गेलं.
सकाळी नांदेडला धाकटीला फोन केला:
तू दूध कधी सोडलंस गं?
ती हसली, मग जरा गप्प झाली.
"आईला विचारून ठेवायला पाहिजे होतं ना, पप्पा."

संक्रांतीनंतर एका दुपारी
तिघं रिकाम्या काट्यावर एकमेकांचे कान ओढत होती.
केबिनमध्ये आकडा हलला: पाच.
लगेच शून्य. परत पाच.
बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.
वाजवू दिला.

रात्री तीनला अजून जाग येते.
स्टोव्ह पेटवत नाही.
दार उघडून नुसता बसतो.
सरकीच्या ढिगाकडं तोंड करून
ती तिघं भुंकत असतात,
कशाला, कोण जाणे.