शब्द पुरवायचा नाही

मंगळवारी आणि शुक्रवारी
स्ट्रॉमनेसच्या चर्चमागच्या हॉलमध्ये
थोरा जमिनीला खिळलेली सायकल चालवते.
खिडकी सताड उघडी, मानेवर ओला रुमाल.
अंग तापलं की तिचा डावा डोळा धुरकटतो,
तेव्हा समुद्रावरचा हा बोचरा वारा आम्हाला आयताच कामाला येतो.

फिजिओ एल्स्पेथ आधी पाच शब्द देते:
बादली, लिंबू, होडी, चावी, गवत.
वीस मिनिटांनी परत मागेल.
तोवर पाय फिरते ठेवून
शंभरातून सात-सात वजा करायचे,
नाहीतर टपालाच्या वाटेवरची शेतघरं
शेवटाकडून सांगत यायची.

सत्तावीस वर्षं थोराने त्या वाटेवर पत्रं वाटली.
अर्धा पत्ता, भिजलेला पत्ता,
एकदा तर नुसतं 'आत्याला' लिहिलेलं पाकीट
तिने बरोब्बर दारात नेऊन दिलं.
आता नेदरबिगच्या अलीकडे कोण, इथे अडते.
पॅडल थांबत नाही. ओठ हलतात.

मला एकच काम दिलंय:
शब्द पुरवायचा नाही.

सोपं नाही हो ते.
एवढ्या वर्षांच्या संसारात एकमेकांची वाक्यं
आम्ही अर्ध्यातून उचलली, पुरी केली,
त्यालाच माया म्हणत आलो.
आता नाव माझ्या दातांमागे उभं,
आणि मी भिंतीवरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचतोय.
सहा पंचावन्न. बारा चाळीस.

"मेंदू काही नवा मिळत नाही," एल्स्पेथ आडपडदा ठेवत नाही.
"रस्ता खचला तर शेजारून पायवाट पडते कधी,
कधी नाही पडत. चालून बघायचं."
"चालणंच तर गेलंय, बाई," थोरा म्हणाली,
आणि तिला इतकं हसू आलं की पाय घसरला पॅडलवरून.

अकराव्या मिनिटाला: "क्वॉयबर्न."
मग एका दमात, "हिरवं दार. कुत्रं चावकं.
म्हातारा रेंडल फाटकाशीच उभा असायचा लेकाच्या पत्रासाठी.
रिकाम्या हाताने गेले तरी चहा पाजायचा."

मी क्वॉयबर्न म्हणणारच नव्हतो.
माझ्या दातांमागे भलतंच नाव होतं.

पाचातले चार शब्द आले.
लिंबू गेलं ते गेलंच.
घरी येताना ती गाडीत झोपली,
काठी गुडघ्यांत धरून, तोंड किंचित उघडं.
दुकानापाशी मी थांबलो, तीन लिंबं घेतली,
काही न बोलता टेबलावर ठेवली.

हे पुरवणं झालं का,
शुक्रवारी विचारायला हवं.