प्रूफ

तीन घड्यांचं पत्रक, एका बाजूला रंगीत,
हजार प्रती, जत्रेच्या आधी.
इनास फर्नांडिसने अर्धे पैसे काउंटरवर ठेवले:
"शिक्षकांची ओळख तूच बसव,
तुझां मराठी बरां आसा."

क्लास बर्फाच्या फॅक्टरीच्या माडीवर.
खाली क्रशर सुरू झाला की वर लाद्या थरथरतात,
पोरं ताल चुकतात.
वेंगुर्ल्यातली तेवढी एकच जमीन
मे महिन्यातही पावलांना गार.
माझं दुकान समोर. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबाराचे अर्ज.
संध्याकाळी मला नाच दिसत नाही,
छताखालून येतो तेवढा ऐकू येतो.

नाव. शिक्षण. अनुभव.

इनासने स्वतःचं लिहूनच आणलं होतं:
आंतरराष्ट्रीय अनुभव, नऊ वर्षे.
"खंय?"
"बोटीर."
चहा येईपर्यंत पुढे बोलला नाही.
मग सांगितलं, समुद्राच्या पातळीखाली लॉन्ड्री,
रोजच्या अकराशे चादरी,
आणि रात्री दोननंतर क्युबाचा एक स्वयंपाकी
वाफाळत्या ढिगांमधून त्याला पावलं शिकवायचा.
आरसा नव्हता.
ड्रायरच्या गोल काचेत मावेल तेवढंच अंग
एका वेळी सुधारायचं.
"ह्यां नको घालू. आवस-बापूस फी देवचे नाय."

बाबल तोरसकर, लोकनृत्य, गुरुवार-शनिवार.
एकतीस वर्षं दशावतारात,
रात्री द्रौपदी, पहाटे टेम्पोत
पेटाऱ्याला टेकून झोपलेला पुरुष.
दाढीचा निळा रंग पावडरीतून वर येऊ नये
म्हणून दिवसातून दोनदा वस्तरा.
गाल अजून सोलल्यासारखा.
"स्त्रीपार्टी काढ. लोककलावंत लिव, पुरे."
बॅकस्पेसवर बोट ठेवलं,
उचलेपर्यंत एकतीस वर्षं गेली.

वैजयंती गिरपने चिठ्ठीवर एकच शब्द दिला.
विशारद.
मार्च ते मे ती काजूच्या कारखान्यात असते,
तेलाने बोटांची साल जाते,
म्हणून बारमाही मेंदी.
मुलींना वाटतं बाईंना हौस.
त्याच बोटांचं अलपद्म उघडतं तेव्हा
खिडकीत उभ्या आया बोलायच्या थांबतात,
असं इनास सांगतो.

प्रूफ बघायला तिघं एकदमच आली.
इनास बाबलच्या रकान्यावर अडला.
"बाबलानू, द्रौपदी खंय गेली?
माझी आवस तुमका बघूक
चार मैल चलत जायची. ती परत घाल रे."
बाबल खूप वेळ पंख्याकडे बघत राहिला.
"घाल," म्हणाला. "मगे ह्याची लॉन्ड्री पण घाल."
इनास हसला, मग हसायचा थांबला.
"घाल. बारक्या अक्षरात."

वैजयंतीने मेंदीचं नख
तिच्या एका शब्दावर ठेवलं होतं.
बारा वर्षांपूर्वी ती याच काउंटरशी आली होती,
बेळगावच्या परीक्षेचं हॉल तिकीट घेऊन.
दोन प्रती काढल्या.
त्याच रात्री बापाच्या होडीचं इंजिन बसलं,
आणि गाडीभाड्याचे, राहण्याचे, साथीदारांचे पैसे
इंजिनात गेले.
दुसऱ्या दिवशी एक प्रत परत आणून म्हणाली,
घेत असाल तर घ्या, रुपया परत द्या.

मी स्क्रीनकडे बघत विचारलं,
बरोबर आहे ना?

"शुद्धलेखन बरोबर आहे," ती म्हणाली.

हजार प्रती निघाल्या.
घड्या घालायला तिघांनीही हात लावला,
बाबलच्या घड्या सर्वांत सरळ,
निरी धरल्यासारख्या.

ती परत आलेली प्रत माझ्या खणात आहे,
उत्पन्नाच्या दाखल्यांखाली.
पोरगी कॅमेऱ्याकडे डोळे न मिटता बघते आहे.
फोटो खांद्यापर्यंतच.
बोटं दिसत नाहीत.