पाचाच्या काट्यावर

लग्न झालंय का, पहिल्या डॉक्टरने विचारलं.
नाही म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं.
मग दुखायचं कारणच नाही, म्हणाला,
जशी काही ती खोली
एकाच भाडेकरूसाठी बांधली होती
आणि तो राहायला आलाच नाही.

मी सत्तेचाळीसची. बिल्ला नंबर सांगत नाही.
बावीस वर्षं वडाळा डेपो,
खांद्याला पट्टा, हातात मशीन,
पुढे चला, पुढे जागा आहे.
पण कुठे दुखतं ते सांगताना
माझी गाडी चढावर बंद पडायची:
तिथे. खाली. आत. बसलं की.
वहिनी म्हणाली, अंगावरून जात असेल.
केमिस्ट म्हणाला, प्रायव्हेट का?
आई असती तर काहीच म्हणाली नसती,
बादलीत झाकणभर जंतुनाशक ओतून
बादली पुढे सरकवली असती,
चौदाव्या वर्षी सरकवली तशी.

शीवच्या ओपीडीत डॉक्टर मरियम दळवी.
तिने लग्नाचं विचारलंच नाही.
साबण कोणता? चड्ड्या कशात भिजवता?
पॅड वासाचं असतं का? खाज? पांढरं?
साखर तपासलीत? पाळी कधीपासून चुकतेय?
कधी माकडहाडावर पडलात?
लघवीला दिवसातून किती वेळा जाता?

मी हसले.
म्हटलं, पहाटे घरून जाऊन निघते.
मग दीडला. किल्ली मिळाली तर.
पाणी पीतच नाही ना मी.

तिने कापसाची काडी घेतली.
घड्याळ समजा, म्हणाली. बारा वर, सहा खाली.
बाराला काही नाही.
तीनला काही नाही.
चारला मी पडद्याकडे बघत होते, हिरवा,
एक रिंग तुटलेली.
पाचला

ओरडले नाही. मी ओरडते ती फक्त थांब्यांची नावं.
पण टेबलाचं रेक्झिन नखात आलं.

हां, म्हणाली, योनीच्या तोंडाशी, इथे.
इतक्या सहज की जणू तोही एक थांबा,
राणी लक्ष्मी चौकाच्या अलीकडचा.
केसपेपरवर तिने एक गोल काढला
आणि पाचावर फुली मारली.

एकच कारण नसेल, म्हणाली.
पाळी जाता जाता ओल घेऊन चाललीय.
जी कातडी उरलीय पातळ
ती तुम्ही रोज बादलीतल्या औषधाने पोळताय.
आणि तळाला स्नायूंची एक झोळी असते,
ती तुम्ही धरून ठेवलीय. किती वर्षं म्हणालात?
जरा मूठ वळून ठेवा बघू.

मी मूठ वळली.
ती मलमाचं नाव लिहीपर्यंत
बोटं भरून आली होती.

फिजिओ तळमजल्यावर. सिल्विया नावाची पोरगी,
माझ्या भाचीच्या वयाची.
सोडा, म्हणते.
मी श्वास सोडते.
श्वास नाही हो ताई, ते.
ते मला येत नाही.
आवळून आहे हेच कुठे माहीत होतं?
गुडघे भिंतीला टेकून पडून राहते,
पंखा मोजते, आणि मधेच कधीतरी
काहीतरी बोटभर खाली उतरतं
आणि मला रडू येतं. का ते विचारू नका,
तिनेही नाही विचारलं.

बरी झालेय असं नाही.
गुरुवारी खड्ड्यातून गाडी गेली तेव्हा
पुन्हा पाचाच्या काट्यावर ठणकलं.
बाटलीने आता फरशी पुसते.
उशी आणलीय, मधे भोक असलेली,
ड्रायव्हर शेलार तिला मेदूवडा म्हणतो, म्हणू दे.

काल शेवटच्या थांब्यावर चौकीत गेले.
बायकांच्या संडासाची किल्ली
घागसाहेबांच्या स्कूटरच्या जुडग्यात असते.
बावीस वर्षांत अगदीच नाइलाज झाला तेव्हाच मागितली असेल.

घागसाहेब, किल्ली.
त्यांनी चहा खाली ठेवला. घाईची लागलीय का?

नाही, म्हटलं. घाई नाही.
तरी द्या.