वाढत्या अंगाचं

उलानबातरच्या ऑफिसातली पोरगी फोनवर सांगते,
"दुलमसुरेनताई, हा प्रवास पाहुण्यांच्या मापानं बेतलेला आहे हं."
मला हसू येतं.
चाळीस वर्षं डेल शिवले मी,
माप म्हटलं की तोंडात आधी येतं : कुणाचं?

यादी येते.
सहा दिवस गवताळ माळ, चार दिवस गोबी.
पाहुणे दोन. कामाला माणसं सतरा.
उशा चार, त्यातली एक कडक.
घोडा गरीब, पण फोटोत तसा दिसू नये.
गरुड मंगळवारी.
आणि रोज संध्याकाळी पाच ते सहा, शांतता.

शांततेसाठी लुव्सान जनरेटर बंद करतो,
स्वयंपाकी पातेलं खाली न ठेवता हातात धरून उभा राहतो,
मी मशीनचं चाक तळहातानं थोपवते
अर्ध्या टाक्यात.
वारा कुणाचा नोकर नाही.
तो पाच ते सहा खुशाल बोंबलत असतो.

मी इथं कशी, तर झुद आला त्या हिवाळ्यानं.
बर्फाखाली गवत काचेसारखं झालं,
एकशे ऐंशी जनावरं उभ्याउभ्या गेली.
एक शेळी दाराला टेकून होती,
मी तिला हाकलत राहिले, "हट, हट",
मग हात लावला.
उरलं ते हे मशीन आणि नवऱ्याचा खोकला.
आता पाहुण्यांच्या गेरला आतून पांढरं रेशमी अस्तर लावते.
तक्रार नाही. अस्तर सरळ आलंय.

गेरमध्ये तांब्याचा टब.
पाणी बेचाळीस किलोमीटरवरून, टँकरनं.
शेजारचा चोइझिल्जाव, म्हणजे अकरा किलोमीटर शेजारचा,
टबाकडे बराच वेळ बघून म्हणाला,
"एवढ्यात माझे दोन उंट भागतील."
मग हळूच पाण्यात हात घातला,
कोपरापर्यंत,
आणि लवकर काढला नाही.

पाहुणे दोन म्हटले होते, आली एकटी.
माप जानेवारीत दिलेलं; मधे काय झालं
ते यादीत नव्हतं,
म्हणून रोज रात्री दोन ताटं,
दोन पेले, दुसरी खुर्ची दक्षिणेला, दाराकडे तोंड करून.
यादी बदलायचा हुकूम कुणाकडेच नव्हता.

चौथ्या दिवशी, शांततेच्या तासात,
ती माझ्या तंबूत आली.
उंबरठ्यावर पाय दिला नाही, हे मी पाहिलं.
हातात पुरुषाचा कोट, जाड, तपकिरी, कोपरावर झिजलेला.
खुणेनं म्हणाली, माझ्या मापाचा कर.

मी टेप लावला. खांदा, पाठ, बाही.
चार बोटं इथं, सहा तिथं, सगळं काढायला हवं होतं.
खडू उचलला
आणि ठेवला.

माझी आई आमचे डेल वाढत्या अंगाचे शिवायची.
बाह्या बोटांखाली लोंबायच्या,
शाळेत पोरं हसायची,
आई म्हणायची, थंडीला जागा लागते.
हे सगळं त्या बाईला कसं सांगू?
माझ्याकडे परक्यांच्या भाषेतले सहा शब्द,
त्यातले चार चहाचे.

मी फक्त कोपराला ठिगळ लावलं, उंटाच्या लोकरीचं,
आणि बाह्या दोनदा दुमडून दिल्या.
तिनं घातला. बाहेर गेली.
वारा आत शिरला, पाठीवर कोट टम्म फुगला,
लांबून कुणी पाहिलं असतं तर
दोन माणसं वाटली असती, किंवा एक लठ्ठ.

निघताना मी दुधाचे शिंतोडे उडवले गाडीमागे.
लुव्साननं गेर मोडले, टब ट्रकवर चढवला.
शेवटचं पाणी तिथंच ओतलं होतं, साबणासकट.

तीन आठवड्यांनी मशीन न्यायला परत गेले,
तर तिथं रानकांदा उगवलेला.
गोल नाही, पाणी जसं पळालं तसा,
वाकडातिकडा, उताराकडे.
चोइझिल्जावच्या शेळ्या तुटून पडल्या होत्या.
म्हातारा लांब उभा,
ओरडून विचारत होता, पुढची पाहुणी कधी
आणि अंघोळ करते का रोज.